सातव्या लॉगरवरची फुंकर

जानेवारीतला शनिवार होता आणि गायधनींच्या जेवणाच्या टेबलावर पंगत बसली होती. पंगत म्हणजे सात लॉगरांची. लॉगर म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी पांढरी डबी. आत एक सेल, एक घड्याळ आणि हवेतली ऊब नि ओल टिपणारा मण्याएवढा डोळा. एकदा सुरू केली की ती दर काही सेकंदांनी नोंद करत राहते, कुणी बघो न बघो. कामावर नेण्याआधी पल्लवीचे वडील वाल्मीक गायधनी सातही डब्या शेजारी शेजारी मांडून दिवसभर घरातच ठेवत. एका खोलीत बसून सातही जणी एकच सांगतात का, ते बघायचं. एखादी वेगळं बोलली की तिला पंगतीतून उठवायची. आईचं म्हणणं असं, की हे पाहुणे जेवतही नाहीत आणि उठतही नाहीत, घरच्यांनी मात्र मांडीवर ताट घेऊन बसायचं. तरी वाढताना ती वरणाचं पातेलं डब्यांपासून लांबूनच नेई. वाफ लागली की त्यांची रेघ उडते, हे एव्हाना तिलाही ठाऊक झालं होतं.

पल्लवी नाशिकरोडच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, अहवाल तिच्या हातून जात. मोजायचं त्यांनी आणि लिहायचं तिनं, अशी वाटणी गेली पाचसहा वर्षं चालत आलेली. त्या दुपारीही त्यांनी एका बेदाण्याच्या शेडचा अहवाल तिच्यापुढे ठेवला होता. 'आढळून येत असल्याचे दिसून येते' हे पाचही शब्द खोडून तिनं 'दिसते' एवढंच लिहिलं.

"बरं झालंय का?" त्यांनी विचारलं.

"वाक्यं लांब होती. तोडली," ती म्हणाली.

ते हसले. अहवालाबद्दल त्यांच्यात याहून अधिक बोलणं कधी होत नसे. पल्लवीनं पुष्कळ वाचलं होतं, चांगल्या कामाची तिला पारख होती. पण घरातल्या माणसाची पाठ कशी थोपटायची, हे कुठल्या पुस्तकात तिला सापडलं नव्हतं.

संध्याकाळी आईनं थंडीची कुरकुर केली तेव्हा अण्णा म्हणाले, चार पाहुणे बोलाव. जिवंत माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा. चौघं येऊन बसले की शेगडी लागायची नाही. आई म्हणाली, तुमच्या चार दिव्यांना चहा कोण करणार. त्यावरही ते हसले. मग सातही डब्यांवरून एकदा नजर फिरवून, बाळं झोपल्यावर मालवतात तसा त्यांनी तिथला दिवा मालवला.

घरातला साधा म्हणावा असा तो शेवटचा दिवस.

अण्णांनी अठ्ठावीस वर्षं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात उपकरणांच्या विभागात काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक जमीन घेतात, त्यांनी एकेक करून लॉगर घेतले. वायरीला चिमट्यासारखा धरून वीज मोजणारा एक, आणि ऊब नि ओल मोजणारे हे सात. नाशिकच्या बाजूला तेव्हा द्राक्षं परदेशी जाऊ लागली होती आणि जिकडेतिकडे शीतगृहं उभी राहत होती. हंगामाआधी रिकाम्या खोलीत सात जागी लॉगर टांगायचे, काही दिवस ठेवायचे, आणि थंडी कुठल्या कोपऱ्यात कमी पडते ते मालकाला दाखवायचं, हे अण्णांचं काम. पल्लवी त्यांच्याबरोबर दोनतीनदा गेली होती. त्यांचं टांगणं बघत राहावं असं. दोरी मोजून तोडलेली, गाठ एकाच जातीची, डबी भिंतीला टेकू न देता हवेत स्थिर. आणि टांगून झाल्यावर ते तोंड जवळ नेऊन तिच्यावर दोनदा फुंकर घालत. डबी जागी आहे ना, ते बघायला.

दोनदा कशाला, असं तिनं एकदा विचारलं होतं.

"एकदा लागली तर योगायोग. दोनदा लागली तर मी," ते म्हणाले होते.

त्यामुळे त्यांच्या प्रत्येक आलेखात, काम सुरू होतं त्या जागी, दोन टोकं शेजारी शेजारी उभी असत. दुसरं टोक थोडं बुटकं, कारण दुसऱ्या फुंकरीला त्यांचा श्वास कमी पडे. ऊबेच्या रेघेवरही दोन आणि ओलीच्या रेघेवरही दोन. पल्लवी अहवाल लिहायला बसली की आधी ती दोन टोकं शोधायची. मग पुढचं सगळं खरं वाटायचं.

रविवारी सकाळी ते स्कूटरवर पिशवी अडकवून ओझरच्या पुढच्या एका शीतगृहात गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. आईनं फोन केला तेव्हा तिथल्या कुणीतरी पाहिलं, की स्कूटर फाटकातच उभी आहे. मग खोली उघडली. अण्णा आत होते. तिसऱ्या लॉगरखाली, रॅकच्या खांबाला पाठ टेकून बसलेले. मांडीवर पिशवी. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. केव्हा, ते त्या थंडीमुळे नेमकं सांगता येत नाही, असंही म्हणाले.

दार बाहेरून लावलेलं होतं.

दारावर देवराम नावाचा माणूस असायचा. पन्नाशीचा, दिंडोरीकडचा, शीतगृह बांधलं तेव्हापासूनचा. त्याचं काम एवढंच, की आत कोण गेलं, बाहेर कोण आलं ते बघून दार लावणं. त्याचं म्हणणं, अण्णा बाहेर आले होते. आपण डोळ्यांनी पाहिलं आणि मगच दार लावलं. अण्णा आतच सापडल्यावर या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? तो बिडी ओढायला गेला असेल, येऊन न बघता खटका ओढला असेल, असं सगळ्यांनी धरलं. दार आतून उघडायची दांडी होती. पण ती गारठून अडकते, हेही सगळ्यांना माहीत होतं. मालक धनराजशेठनं देवरामला कामावरून काढलं. पल्लवीचे काका मल्हारी यांनी पोलिसांत द्यायची तक्रार लिहून आणली. जिवंत माणसाला कोंडून मारलं, असं तिच्यात होतं. आईची सही तेवढी बाकी होती.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर आईनं तो कागद घडी घालून उशीखाली ठेवला आणि पल्लवीला जवळ बोलावलं.

"मला कुणाला तुरुंगात नाही घालायचं," ती म्हणाली. "मला एवढंच सांग. ते आतून हाका मारत होते का?"

हे कळायची जागा एकच होती. लॉगर अजून त्या खोलीत टांगलेले होते. त्या दिवसानंतर तिथं कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पल्लवी नाशिकच्या द्वारका चौकातून बसमध्ये बसली. मांडीवर अण्णांचा जड लॅपटॉप, पर्समध्ये जोडायची वायर. आडगाव गेलं, ओझर गेलं. हायवेच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, कागदात गुंडाळलेले घड. शीतगृहाच्या फाटकापाशी बाभळीच्या सावलीत देवराम बसला होता. काम गेलं तरी तो रोज येऊन तिथं बसतो, असं धनराजशेठनं आधीच सांगितलं होतं, जरा ओशाळून. तिला बघून तो उठला. हात जोडले नाहीत, जवळ आला नाही. नुसता उभा राहिला.

धनराजशेठ तिशीचा, अदबशीर. त्यानं स्वतः दार धरलं. पल्लवी आत गेली तेव्हा आधी नाकाला अमोनियाचा बारीक वास लागला, मग कानांना थंडी. खोली लांब आणि रिकामी, पांढऱ्या भिंती, टोकाला घोंघावणारे पंखे. दारापासून सुरुवात करून खोलीला वळसा घालत सात डब्या टांगलेल्या होत्या, पहिली दाराशी, तिसरी डाव्या हाताच्या रॅकवर, सातवी फिरून पुन्हा दाराच्या अंगाला. सातही. दोऱ्या एका लांबीच्या, गाठी एका जातीच्या. एकही डबी हलत नव्हती. ती क्षणभर नुसती बघत राहिली. शेवटचं काम त्यांनी पुरं केलं होतं, या विचारानं तिला बरं वाटलं.

लॉगर आधी वाचायचा, मग उतरवायचा, असा अण्णांचा नियम होता. तिनं क्रेटांच्या गाडीवर लॅपटॉप ठेवला, एकेका डबीखाली नेला, वायर जोडली, नोंदी उतरवून घेतल्या. तिसरीखाली ती उभी राहिली नाही. हात लांब करून वायर जोडली. सातवी होईपर्यंत बोटं बधिर झाली होती.

बाहेर ऑफिसात शेठनं चहा मागवला. तिनं सातही रेघा एकावर एक काढल्या.

सुरुवातीला घर होतं. शनिवारची पंगत. सात रेघा एकमेकींवर अशा बसलेल्या, की एकच वाटावी. दुपारी एका ठिकाणी सातही एकाच मिनिटाला किंचित उचलल्या होत्या; आई वरण घेऊन जवळून गेली असणार. पल्लवीनं चहाचा कप खाली ठेवला. त्या रेघेत ते चौकोनी टेबल होतं, मालवलेला दिवा होता, ती स्वतः होती.

मग स्कूटरचा प्रवास, कोवळं ऊन. मग थंडी, सातही रेघा पायऱ्या उतरल्यासारख्या खाली.

पहिलीवर दोन टोकं. दुसरीवर दोन टोकं. तिसरीवर दोन टोकं, दुसरं फारच बुटकं.

तिसरीची रेघ त्या टोकांनंतर पहिल्या दोघींसारखी लगेच खाली आली नाही. ऊब तशीच राहिली. खाली कुणीतरी बसलं होतं. पण ओलीची रेघ लगेच सपाट झाली होती. माणूस श्वास घेत असला की त्याच्या डोक्यावरच्या हवेत ओल चढते. इथं चढली नव्हती. आणि ऊब, जी जिवंत माणसाच्या डोक्यावर दिव्यासारखी एकसारखी राहायला हवी, ती पहिल्या काही मिनिटांतच उतरणीला लागली होती. संध्याकाळपर्यंत सावकाश, एकाच लयीत उतरत गेली होती. मध्ये कुठे खंड नाही. उठणं नाही, दाराकडे जाणं नाही.

तिनं दोनदा बघितलं. मग ऑफिसातला फोन मागून घेतला.

"आई, त्यांनी हाका नाही मारल्या," ती म्हणाली. "बसले, आणि लगेच गेले."

मग आई म्हणाली, "बरं," आणि थोड्या वेळानं, "तो कागद फाडते मी."

पल्लवीनं फोन ठेवला. इथं थांबता आलं असतं. पण उरलेल्या चार रेघा पडद्यावर होत्या, आणि अण्णांच्या कामातल्या चार रेघा न वाचता सोडणं तिच्यानं झालं नाही.

चौथीवर दोन टोकं होती.

ती तिसरीच्या नंतर होती. तिसरीखाली माणूस बसून झाल्यानंतर.

तिला वाटलं, घड्याळ चुकलं असेल. पण घरच्या वाफेपाशी सातही घड्याळं एकाच मिनिटावर होती, आणि संध्याकाळी माणसं धावत आत शिरली तिथंही सातही एकाच मिनिटावर. अण्णांच्या पंगतीत टिकलेली डबी आजवर खोटं बोलली नव्हती.

पाचवीवर दोन. सहावीवर दोन. सातवीवर दोन. एका डबीपासून दुसरीपर्यंत जायला आणि गाठ मारायला अण्णांना जेवढा वेळ लागायचा, तेवढंच अंतर. सगळीकडे दुसरं टोक बुटकं.

मग तिच्या लक्षात आलं, की ही टोकं फक्त ओलीच्या रेघेवर आहेत. पहिल्या तीन डब्यांवर ओलही होती आणि ऊबही. या चौघींवर ऊबेची रेघ जागची हललेली नव्हती.

ओल होती. ऊब नव्हती.

खोली गार ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या वायरीवर अण्णांनी आत जाण्याआधीच चिमट्याचा लॉगर लावलेला होता. तोही तिनं मागवून घेतला. सातवीवरच्या फुंकरीनंतर थोड्याच वेळात कॉम्प्रेसरनं जास्त वीज ओढली होती, आणि त्याच मिनिटाला दाराशी टांगलेल्या पहिल्या डबीवर बाहेरची गरम हवा येऊन गेली होती. दार उघडलं होतं. एक माणूस बाहेर पडेल एवढा वेळ. मग लागलं होतं.

तिसरीखालची ऊब तेव्हाही हळूहळू उतरत होती.

ती उठून फाटकाकडे गेली. देवराम पुन्हा उभा राहिला. त्या दिवशी काय झालं, एवढंच तिनं विचारलं.

"ताई, आतून दार वाजलं," तो म्हणाला. "दांडी अडकती म्हणून सगळे वाजवतात. मी उघडलं. अण्णा आले. मी म्हनलो, झालं का अण्णा? त्यांनी मान हलवली. व्हरांड्यानं फाटकाकडं गेले. मंग मी दार लावलं. आता तुमी काय म्हनायचं ते म्हना."

त्यानं जमिनीकडे बघत पायानं एक खडा सरकवला.

"एक गोष्ट कुनाला नाय सांगितली. आधीच येडा ठरलोय. चष्मेवाला मानूस त्या थंडीतनं बाहेर आला का काचा धुरकट होत्यात. अण्णा दरवेळी उंबऱ्यात थांबून रुमालानं पुसायचे. मला चेष्टेनं म्हनायचे, देवराम, तुझं तोंड पुसून गेलं बघ. त्या दिवशी काचा सोच्छ होत्या. ते थांबलेच नाय."

पल्लवी ऑफिसात परतली. धनराजशेठला तिनं तिसरी रेघ तेवढी दाखवली, सोप्या शब्दांत. दार लागलं तेव्हा अण्णा गेलेले होते. देवरामभाऊंनी कुणाला कोंडलं नाही. त्यांना आजच कामावर घ्या, आणि लॉगर उतरवताना दार त्यांनाच धरू द्या. शेठनं विचारलं, बाकीच्या रेघांत काय आहे. ती म्हणाली, तुमची खोली चांगली आहे, फक्त उजवा कोपरा जरा उबदार राहतो. अहवाल पाठवते. हे खरंच होतं. ते चौथीनं आणि पाचवीनं दाखवलं होतं.

मग ती पुन्हा आत गेली.

पंख्यांचा आवाज तोच होता. तिनं पहिली उतरवली, दुसरी उतरवली. तिसरीखाली या वेळी नीट उभी राहिली, हात वर करून गाठ सोडली. अण्णांची गाठ एका ओढीत सुटायची. ही सुटली.

चौथीचीही एका ओढीत सुटली. पाचवीची. सहावीची.

सातवीपाशी तिनं गाठीवर बोट ठेवलं. दोरीचं टोक नेहमीसारखं आत दुमडलेलं होतं, म्हणजे कुणाच्या डोळ्यात जाऊ नये. हे कुणी बघत नसतानाही ते करायचे. कुणी बघणार नाही अशा कितीतरी गोष्टी ते करायचे, आणि ती त्यांची वाक्यं तोडत बसायची.

सात डब्या पिशवीत घालून ती उंबरा ओलांडून बाहेर आली. ऊन डोळ्यांत शिरलं. दोनचार पावलं गेल्यावर खटका ओढल्याचा आवाज आला नाही, म्हणून तिनं मागं पाहिलं.

देवराम दार धरून उभा होता. अंग चोरून, भिंतीला टेकून, वडीलधाऱ्याला वाट द्यावी तसा. उघड्या दारातून पांढरं धुकं उंबऱ्यावर सांडत होतं.

"लावा ना, देवरामभाऊ," ती म्हणाली.

"जरा थांबा ताई," तो हळू आवाजात म्हणाला. नजर त्यानं खाली ठेवली होती. "त्यांची चाल हळू हाय."

पल्लवी दाराकडे तोंड करून उभी राहिली. पिशवी तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"अण्णा," ती मोठ्यानं म्हणाली, "तुमच्याइतकं सुंदर काम मी कुणाचंच पाहिलं नाही."